आपल्या वाळूत खजिना आहे का? एकसारखे धातू वेगळे करणाऱ्या फ्रँक स्पेडिंग यांची गोष्ट

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो. आमचं घर गणपतीपुळ्याच्या देवळापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. बॅग ठेवतोय तोच काकांनी चहाच्या आधी मोबाईल पुढे केला. कुठल्या तरी ग्रुपवर मेसेज फिरत होता: कोकणच्या वाळूत मोबाईलला आणि इलेक्ट्रिक गाड्यांना लागणारे दुर्मिळ धातू आहेत, चीनने ते द्यायचे बंद केलेत, आता किनाऱ्यालगतच्या जमिनींना सोन्याचा भाव येणार. मेसेज वाचून झाला, तर पुढची गोष्ट कळली. एका अनोळखी माणसाचा काकांना फोनही आला होता. तुमच्या माडाच्या वाडीतली वाळू तपासून देतो, आधी ₹२५,००० भरा, असं त्याचं म्हणणं. काका भरणारच होते. फक्त मी येतोय म्हणून दोन दिवस थांबले, कारण घरात टेक्नॉलॉजीवर लिहिणारा मी एकटाच.

मी लगेच नाही म्हटलं असतं तर काकांना ते पटलं नसतं. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. बरोबर एक बिघडलेला ब्लूटूथ स्पीकर नेला होता. तो उघडून त्यातलं चुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि वाळूवरून फिरवलं.

चुंबकाला काय चिकटलं?

गणपतीपुळ्याची वाळू पांढरी, पण लाट मागे सरकते तिथे काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. रत्नागिरीकडे आलात की काळबादेवीच्या किनाऱ्यावर हा काळेपणा अजून ठळक होतो. आमच्या पिशवीला त्या रेघांमधले काळे कण पटापट चिकटले. काकांचे डोळे चमकले.

हे कण म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज आणि इल्मेनाइट लोखंड व टायटॅनियमचं. सह्याद्रीचा काळा बसाल्ट खडक झिजतो, नद्या-ओहोळ ते कण खाली आणतात आणि लाटा हलके कण वाहून नेऊन जड कण मागे ठेवतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे हे भूवैज्ञानिकांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. पण मेसेजमधले दुर्मिळ धातू, म्हणजे 'रेअर अर्थ', वाळूत ज्या खनिजातून मिळतात त्याचं नाव मोनाझाइट. ते ग्रॅनाइटसारख्या खडकांत तयार होतं. म्हणून भारतात ते केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर भरपूर आहे. आपला कोकणचा मागचा डोंगर ग्रॅनाइटचा नाही, बसाल्टचा आहे.

म्हणजे काकांच्या वाडीत खजिना नव्हता. गंमत अशी, की रेअर अर्थ त्या वाळूत नव्हतं, पण ते आमच्या हातात होतं. स्पीकरमधून काढलेलं ते छोटं चुंबक नियोडिमियमचं. तुमच्या फोनचा स्पीकर आणि व्हायब्रेशनची मोटर यांच्यातही तेच असतं.

काकांनी विचारलं, की मग हे नियोडिमियम मोनाझाइटमधून काढतात तरी कसं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एका माणसाचं जवळजवळ अख्खं आयुष्य आहे. त्या रात्री अंगणात बसून मी काकांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहून काढतोय.

पंधरा भावंडं, एकच चेहरा

आधी अडचण काय होती ते समजून घेऊ. आवर्त सारणीच्या खाली वेगळ्या ठेवलेल्या दोन ओळी आठवतात? त्यातली वरची ओळ लँथॅनम ते ल्युटेशियम अशी १५ मूलद्रव्यांची. त्यात स्कँडियम आणि यट्रियम मिळवले की झाले १७ रेअर अर्थ.

नावात 'रेअर' असलं तरी यातले बरेचसे फारसे दुर्मिळ नाहीत. पृथ्वीच्या कवचात सीरियम हे साधारण तांब्याइतकंच आहे. अवघड आहे ते यांना एकमेकांपासून सोडवणं. लोखंड आणि तांबं एकत्र असेल तर सोडवता येतं, कारण दोघांचे स्वभाव वेगळे. या पंधरा जणांचं तसं नाही. रासायनिक वागणूक ठरते ती अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून, आणि यांच्यात जो फरक आहे तो आतल्या कप्प्यात दडलेला. बाहेरून सगळे सारखेच. पाण्यात विरघळले की प्रत्येकावर तीन धन प्रभार. एक विरघळतो तिथे दुसराही विरघळतो, एक खाली बसतो तिथे दुसराही बसतो.

फरक आहे तो आकारात, आणि तोही अगदी जराशा. लँथॅनमच्या आयनाची त्रिज्या साधारण १०३ पिकोमीटर, ओळीच्या शेवटच्या ल्युटेशियमची ८६. मधल्या १४ पायऱ्यांत मिळून फरक १७ पिकोमीटर, म्हणजे शेजारच्या दोघांत जेमतेम एक-सव्वा. एक पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभर कोटीवा भाग.

यामुळे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही फसले. १८४१ मध्ये स्वीडनच्या मोसांडरने डिडिमियम नावाचं नवं मूलद्रव्य जाहीर केलं. नावाचा अर्थ जुळं. तब्बल ४४ वर्षांनी, १८८५ मध्ये, ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने दाखवून दिलं की हे एक नाहीच, हे दोन आहेत: प्रेसिओडिमियम आणि नियोडिमियम. स्पीकरच्या चुंबकातला धातू एवढी वर्षं भावाच्या पाठीमागे लपून बसला होता.

वेगळं करायची तेव्हाची पद्धत म्हणजे स्फटिकीकरण. द्रावण आटवायचं, थोडे स्फटिक होऊ द्यायचे, गाळायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा आटवायचे. दर फेरीला स्फटिकात एक भाऊ किंचित जास्त येतो, द्रावणात दुसरा किंचित जास्त राहतो. अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी १९११ च्या सुमारास शुद्ध थुलियम मिळवलं, त्यासाठी त्यांना अशा सुमारे १५,००० फेऱ्या कराव्या लागल्या. हे ऐकून काका म्हणाले, की यापेक्षा मासेमारी बरी.

पदवी आहे, बक्षीस आहे, नोकरी नाही

फ्रँक हॅरल्ड स्पेडिंग यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०२ चा, कॅनडातल्या हॅमिल्टन गावचा. वडील फोटोग्राफर. पुढे कुटुंब अमेरिकेत आलं. मिशिगन विद्यापीठात त्यांनी आधी केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग रसायनांच्या विश्लेषणात मास्टर्स, आणि १९२९ मध्ये बर्कलीला गिल्बर्ट लुईस यांच्याकडे पीएचडी. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणूभोवती ठिपके काढून जी 'लुईस रचना' शिकवतात, तेच हे लुईस.

१९२९ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. हातात पीएचडी आणि बाहेर नोकऱ्याच नाहीत. पुढची आठ वर्षं स्पेडिंग कधी फेलोशिप, कधी तात्पुरती शिकवणी, अशी ढकलत राहिले. १९३३ मध्ये त्यांना होतकरू तरुण रसायनशास्त्रज्ञासाठीचं लँगम्युअर पारितोषिक मिळालं. देशातला गुणी तरुण म्हणून सत्कार झाला, तरी कायमची नोकरी नव्हती. मग एक फेलोशिप घेऊन युरोपात गेले. विचार जर्मनीचा होता, पण हिटलर सत्तेवर आला होता आणि तिथले मोठे शास्त्रज्ञ देश सोडून चालले होते. म्हणून केंब्रिजला काम केलं. परत आल्यावर कॉर्नेल विद्यापीठात दोन वर्षं, तीही तात्पुरतीच. तुमच्यापैकी जे कॉन्ट्रॅक्टवर काम करतायत किंवा वर्षानुवर्षं परीक्षा देतायत, त्यांना हा काळ वेगळा समजावून सांगायला नको.

या आठ वर्षांत ते करत काय होते? रेअर अर्थचे स्फटिक खूप थंड करून त्यांच्यातून प्रकाश सोडायचा आणि कोणते रंग शोषले जातात ते पाहायचं. बहुतेक घन पदार्थांत हे रंग पसरट, धूसर दिसतात. रेअर अर्थमध्ये मात्र ब्लेडने आखल्यासारख्या बारीक रेषा येतात, कारण मघाशी सांगितलेले आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या गोंधळापासून सुरक्षित असतात. त्या रेषांवरून स्फटिकाच्या आत काय चाललंय ते वाचता येईल, असं त्यांना वाटत होतं.

पण यासाठी शुद्ध नमुना हवा. शेजारचा भाऊ थोडासा जरी मिसळला तरी त्याच्याही रेषा दिसायला लागतात. आणि शुद्ध नमुने जगात मोजक्याच लोकांकडे होते, तेही चिमूटभर, वर्षानुवर्षं स्फटिकं गाळून कमावलेले. स्पेडिंग यांना ते दुसऱ्यांकडून मागून आणावे लागत. प्रयोग डोक्यात तयार, उपकरण तयार, आणि माल नाही. ही अडचण त्यांच्या मनात बसली ती कायमची.

१९३७ मध्ये अखेर कायमची नोकरी मिळाली, आयोवा राज्यातल्या एम्स या गावी, आयोवा स्टेट कॉलेजात. मक्याच्या शेतांच्या मधलं कॉलेज, बर्कली किंवा केंब्रिजपुढे नावही कुणी घेतलं नसतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत शिकून कुणी तालुक्याच्या कॉलेजात रुजू व्हावं, तसं. पण याच गावाचं नाव त्यांच्यामुळे पुढे जगभर गेलं.

युद्ध आणि ५ किलोचा गोळा

१९४२ मध्ये अमेरिकेच्या गुप्त अणुप्रकल्पासाठी स्पेडिंग यांना बोलावणं आलं. शिकागोच्या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि पुष्कळसं काम त्यांनी एम्सलाच उभं केलं. निम्मा आठवडा शिकागो, निम्मा एम्स, मधे रेल्वेचा प्रवास. रविवारी परत आले की सहकाऱ्यांची बैठक. पोरांनी तिला 'स्पेडिनार' असं नाव ठेवलं होतं.

प्रश्न होता शुद्ध युरेनियम धातूचा. जगातली पहिली अणुभट्टी बांधायची तर तो टनांनी हवा होता, आणि तेवढा कुणाकडेच नव्हता. स्पेडिंग, हार्ली विल्हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली: युरेनियम फ्लोराइड आणि कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम बंद पोलादी भांड्यात तापवायचं, म्हणजे फ्लोरिन दुसऱ्या धातूकडे जातो आणि युरेनियम वितळून तळाला बसतं. १९४२ च्या सप्टेंबरात सुमारे ५ किलोचा एक गोळा तयार झाला. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोची अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा तिच्यात एम्सचं जवळपास २ टन युरेनियम होतं. युद्ध संपेपर्यंत या कॉलेजातल्या एका जुन्या लाकडी इमारतीतून १,००० टनांच्या वर युरेनियम बाहेर पडलं.

ही बाजू झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. अणुभट्ट्यांच्या याच मार्गावर पुढे प्लुटोनियम बनलं आणि ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर टाकलेला बॉम्ब प्लुटोनियमचा होता. स्पेडिंग त्या साखळीतली एक महत्त्वाची कडी होते.

पण याच कामात त्यांचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. युरेनियमचा अणू फुटला की त्याच्या तुकड्यांत रेअर अर्थ मूलद्रव्यं निघतात. त्यातली काही, उदाहरणार्थ सॅमेरियम आणि गॅडोलिनियम, न्यूट्रॉन गिळून टाकतात आणि अणुभट्टीची साखळी थंडावते. तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव स्वतंत्र तपासायला हवा होता, आणि त्यासाठी प्रत्येक जण वेगळा हवा होता. १५,००० फेऱ्या करायला वेळ कुणाला होता!

सॉफ्टनरमधले मणी

उपाय सापडला तो आज आपल्या घरात आहे. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरमध्ये पांढरा थर साचतो. त्यासाठी बसवतात तो सॉफ्टनर, ज्यात रव्यासारखे बारीक रेझिनचे मणी असतात. मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. पाणी आलं की मणी कॅल्शियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सगळे मणी भरले की मिठाचं पाणी घालून पुन्हा रिकामे करायचे. आयनांची ही अदलाबदल, म्हणजेच आयन एक्स्चेंज.

आता लांब उभ्या नळीत हेच मणी भरा आणि वरून रेअर अर्थचं मिश्रण ओता. सगळे आयन मण्यांना चिकटतील, पण सगळे जवळपास सारख्याच ताकदीने. वेगळे होणार नाहीत. मग वरून असं काहीतरी सोडायला हवं, जे त्यांना मण्यांवरून ओढून काढेल आणि ओढताना लहान-मोठा फरक करेल. सुरुवातीला वापरलं सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं भावंड. सायट्रेट आयनाला विळखा घालतं, आणि आयन जितका लहान तितका विळखा घट्ट.

काकांना हे समजेना, तेव्हा मी आपल्या देवळाचं उदाहरण दिलं. गणपतीपुळ्यात डोंगरालाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराभोवती, जवळजवळ एक किलोमीटरची. समजा त्या वाटेवर दर दोन पावलांवर एक टपरी आहे. कुठे कोकम सरबत, कुठे आंबापोळी, कुठे खेळणी. पंधरा पोरं एकदम निघाली, आणि प्रत्येकाबरोबर एक आत्या. पोरगं टपरीला चिकटतं, आत्या हात धरून ओढते, चार पावलं जातात, पोरगं पुढच्या टपरीला चिकटतं. सगळ्यात लहान मुलाचा हात आत्याच्या मुठीत नीट बसतो, तो लवकर सुटतो. थोराड मुलगा हात सोडवून घेतो आणि टपरीवर जरा जास्त रेंगाळतो. एका टपरीवर हा फरक कळणारही नाही. पण हजार टपऱ्या झाल्या की सगळ्यात लहान पोरगं आधी देवळापाशी पोहोचतं, थोराड शेवटी, आणि मधले आपापल्या उंचीच्या क्रमाने.

टपऱ्या म्हणजे रेझिनचे मणी आणि आत्या म्हणजे सायट्रेट. नळीच्या खालून आधी बाहेर येतं सगळ्यात लहान ल्युटेशियम आणि शेवटी सगळ्यात मोठं लँथॅनम. शास्त्रज्ञ या प्रकाराला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. स्फटिकांची एक-एक फेरी हाताने करावी लागत होती. नळीत हजारो फेऱ्या आपोआप होतात, माणसाने फक्त खालच्या बाटल्या बदलायच्या.

हे काम एकट्या स्पेडिंग यांचं नाही. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत दुसरा गट हेच करत होता, पण अगदी सूक्ष्म, किरणोत्सारी नमुन्यांवर. याच पद्धतीने १९४५ मध्ये तिथे मरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कॉरिएल यांनी ओळीतलं हरवलेलं ६१ वं मूलद्रव्य, प्रोमेथियम, ओळखलं. स्पेडिंग यांच्या गटाने वेगळा प्रश्न घेतला: हे मोठ्या प्रमाणावर, डोळ्यांना दिसेल आणि हातात घेता येईल एवढं करता येईल का? दोन्ही गटांचे शोधनिबंध १९४७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

आगगाडीचे डबे

सायट्रेटच्या पद्धतीत एक खोट होती. पोरं जशी पुढे जातील तशी पांगत जातात. ढीगभर द्रावण, त्यात थोडासाच धातू. १९५० च्या दशकात स्पेडिंग आणि त्यांचे सहकारी जॅक पॉवेल यांनी यावर तोड काढली. सायट्रेटऐवजी ईडीटीए घेतलं, जे आज शाम्पूच्या बाटलीवरच्या घटकांतही दिसतं. आणि नळीच्या पुढच्या भागातल्या मण्यांवर आधीच तांबं बसवून ठेवलं.

ईडीटीए रेअर अर्थला घेऊन पुढे निघतं. पण वाटेत तांबं भेटलं की ते रेअर अर्थला सोडतं आणि तांब्याला धरतं. रेअर अर्थला तिथेच मण्यावर बसावं लागतं. त्यामुळे कुणी फार पुढे पळू शकत नाही. आणि मागून ताजं ईडीटीए ढकलत असतं, त्यामुळे कुणी फार मागेही राहू शकत नाही. परिणाम असा, की सगळे धातू एकमेकांना चिकटून, कोकण रेल्वेच्या डब्यांसारखे क्रमाने नळीतून सरकतात. एका डब्यात फक्त नियोडिमियम, त्याच्या पाठच्या डब्यात फक्त प्रेसिओडिमियम. भेसळ असते ती दोन डब्यांच्या जोडापुरती. तेवढा भाग बाजूला काढून पुढच्या वेळच्या मिश्रणात घालायचा.

ज्या माणसाने तरुणपणी चिमूटभर नमुन्यासाठी दुसऱ्यांपुढे हात पसरला, त्याच्या प्रयोगशाळेत आता शुद्ध रेअर अर्थ किलोने तयार होऊ लागले. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ते त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाहीत. एम्सहून दुसऱ्या प्रयोगशाळांना नमुने जात राहिले. या धातूंचे चुंबकीय, विद्युत आणि उष्णतेचे गुणधर्म पहिल्यांदाच खात्रीने मोजता आले, कारण पहिल्यांदाच भेसळ नसलेला धातू लोकांच्या हातात होता. १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीला लाल रंग मिळाला तो युरोपियममुळे. युरोपियम वेगळं काढता येत नसतं तर ते जमलं नसतं.

१९४७ मध्ये एम्सची राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि स्पेडिंग १९६८ पर्यंत तिचे संचालक राहिले. ८८ विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली पीएचडी केली. निवृत्तीनंतरही ते शोधनिबंध लिहीत होते. १९८३ मध्ये जपान आणि अमेरिकेत दोन ठिकाणी नियोडिमियमचं जबरदस्त चुंबक जाहीर झालं, आणि पुढच्याच वर्षी, १५ डिसेंबर १९८४ ला, एम्समध्येच स्पेडिंग यांचं निधन झालं. ते चुंबक पुढे प्रत्येक खिशात जाणार होतं, हे पाहायला ते राहिले नाहीत.

काथ्याला चिकटलेली वाळू

इथे काकांनी विचारलं, की मग आपण काय केलं? आपली गोष्टही छान आहे, आणि तिची सुरुवात नारळापासून होते. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. त्यानंतर कित्येक वर्षं आपली वाळू जहाजं भरून परदेशी गेली. गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम तिकडे काढत.

स्वातंत्र्यानंतर होमी भाभा यांनी हे थांबवायचं ठरवलं. नुसती वाळू विकायची नाही, वेगळं करायचं कामही इथेच करायचं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि २४ डिसेंबर १९५२ ला पंडित नेहरूंनी केरळात आलुव्याच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. आज या कंपनीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. सिद्धिविनायकाला जाताना तुम्ही त्या भागातून गेलाही असाल.

मोठ्या कारखान्यांत आज आयन एक्स्चेंजची जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पद्धतीने घेतली आहे. पाणी आणि तेलासारखं न मिसळणारं द्रव एकमेकांशी घुसळायचं, आणि धातू थोडे इकडे थोडे तिकडे, असं शेकडो टाक्यांमधून करत जायचं. याला द्रावक निष्कर्षण म्हणतात. ते टनांनी माल काढायला सोयीचं आहे. अतिशुद्ध आणि थोडा माल हवा असेल, किंवा प्रयोगशाळेत तपासणी करायची असेल, तर अजूनही मण्यांची नळीच लागते. युक्ती दोन्हीकडे एकच: बारीकसा फरक पुन्हा पुन्हा वापरायचा.

आणि चीनच्या हातात आज जी ताकद आहे, ती नुसत्या खाणींमुळे नाही. जगातलं बहुतेक रेअर अर्थ वेगळं करायचं काम तिथे होतं, अगदी दुसऱ्या देशांत खणलेल्या मालाचंही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा जगभरच्या वाहन कंपन्या अडचणीत आल्या. माती अनेकांकडे आहे. ती सोडवणारे कारखाने आणि ती कला येणारी माणसं फार थोड्या ठिकाणी आहेत.

मग त्या ₹२५,००० चं काय झालं?

काकांनी भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा पुन्हा फोन आला, तेव्हा काकांनी मीच शिकवलेले प्रश्न विचारले. वाळूत नेमकं कोणतं खनिज आहे? तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार आणि रिपोर्ट कुणाच्या सहीचा? धातू वेगळे कोण करणार? पलीकडून फोन ठेवला गेला.

असा मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला, तर हेच तीन प्रश्न विचारा. आणि एवढं सांगून ठेवा, की किनाऱ्यावरची वाळू परवानगीशिवाय उपसता येत नाही आणि मोनाझाइट तर अणुऊर्जेशी संबंधित कायद्यांखाली येतं. त्याचा व्यवहार कुणी फोनवर करत नसतो.

ते चुंबक मी काकांकडेच ठेवून आलो. परवा फोन केला तेव्हा कळलं, शेजारच्या मुलांना किनाऱ्यावर नेऊन ते काळे कण गोळा करून दाखवतात, आणि कण दाखवून झाले की चुंबक कशाचं आहे ते सांगतात.